वाटे थोरल्याने पाडायचे

"...म्हंजे बुवा, वाटे असं पाडायचं, की धाकट्यानं वाईट तेवढंच उचललं पायजे. हाय का काय तोड?"

शिदोजीबुवा मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी भानगड तर सांग."

दत्ताजीरावांनी सांगितली. गावची रीत जुनी. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरला झक मारत सारखे वाटे पाडतो. पूर्वज शहाणे होते, पण दत्ताजीराव त्यांच्याहून दीड शहाणे. कैक वर्षे ते वाटे पाडत होते आणि मोडत होते. शेवटी तिसरा वाटेकरी चुलतभाऊ कंटाळला आणि आपला हिस्सा एका शेठला विकून मोकळा झाला. शेठने वाटणीचा दावा ठोकला. सडकेकडची जमीन दिली तर तो गप्प बसणार होता. घोडे अडले होते ते दत्ताजीराव आणि धाकटा हिंदुराव या दोघा भावांच्या वाट्यांवर.

"सोमवारी कोर्टात वाटे सांगायचं हाईत. न्हाईतर समदंच लिलावात. बापाचं घरसुदिक..."

आवाज भरून आला. ते नाटक नव्हते.

"हिंदुराव काय उचलंल?" बुवांनी विचारले.

"हीर! त्या हिरीतच पवायला शिकलाय त्यो. म्हणून हिरीसंगं मी खडकाळ रान टाकलं."

"मग?"

"मग ध्यानात आलं, खडकाळबी उचलंल. शेरडांचा नाद हाय त्येला. माडी दिली तर नगं म्हणंल, गुडघा दुखतोय. डावा."

"बोलणं हाय व्हय तुमचं?"

"थूत्! त्येचं तोंड कोण बघतंय?"

"मग गुडघा कसा कळला?"

"बांधावरनं दिसतंय की! सकाळी लंगडतोय, ऊन चढलं की बरा चालतोय."

बुवांनी ओट्यावरच्या दोन राशी पुढे सरकवल्या. एक शेंगदाण्यांची, दुसरी टरफलांची.

"उचल."

दत्ताजीरावांचा हात दाण्यांकडे गेला आणि तिथेच थबकला. त्यांनी बुवांच्या तोंडाकडे निरखून पाहिले.

"तुमास्नी कुठली पायजे?"

बुवांनी आणखी एक शेंग फोडली.

हात टरफलांवर गेला. परत दाण्यांवर आला. दत्ताजीरावांच्या कपाळाला घाम फुटला. एवढा पोचलेला माणूस दाणे असे फुकट सोडेल? काहीतरी गोम असणारच. त्यांनी दोन्ही हातांनी टरफले ओढली आणि धोतराच्या सोग्यात बांधली.

बुवांनी दाण्यांचा बकाणा भरला.

"दत्ताजी."

"जी."

"तुला सवताला काय पायजे? हीर, का माडी?"

दत्ताजीरावांनी तोंड उघडले. मिटले. आभाळाकडे पाहिले, मग सोग्याकडे.

"मला..."

"हं."

"मला व्हय... त्ये..." त्यांना रडू येईलसे झाले. "त्ये बघायचंच ऱ्हायलं की ओ बुवा! आता सोमवारच्या आत कसं कळायचं?"

बुवांनी हात झटकले.

"हिंदुरावला इचार. त्येला ठावं असंल."