देवाच्या कुत्र्याचे दात

“तो आवाज शेवटचा कधी ऐकलास?”

“कोणता, बाबा?”

“कुडुम कुडुम. वाळल्या भाकरीचा. साम चावायला लागला की खालच्या पायरीपर्यंत ऐकू यायचा.”

गुरूंच्या या प्रश्नानं त्र्यंबक पुजारी आठवू लागला. आवाज आठवला, काल ऐकल्यासारखा आठवला. साम तेव्हा अंगानं नुकता भरत होता. धनगरांनी टाकलेली भाकरी पुढच्या दोन पायांत धरून औदुंबराखाली बसायचा आणि मान वाकडी करून फोडायचा. पण तो आवाज थांबला कधी, हे काही केल्या त्र्यंबकाला आठवेना.

“फार वर्षं झाली,” तो म्हणाला.

“मग इतकी वर्षं काय ऐकत होतास?”

...

टेकडीवर दत्ताच्या पादुका आहेत. त्र्यंबक तिथली पूजा बघायचा. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद, असं लोक मानतात. म्हणून एका थंडीत कुठूनसं आलेलं पिल्लू पादुकांपाशी अंग मुडपून झोपलं, तेव्हा त्र्यंबकानं त्याचं नाव साम ठेवलं.

लोकांनी त्याच्या कपाळाला गंध लावलं. गुरुवारी रांग आधी पादुकांपुढे लागायची, मग सामपुढे. कोणी पेढा द्यायचं, कोणी शिरा, कोणी द्रोणात बासुंदी. भाकरी कोणी देईना. देवाच्या कुत्र्यापुढे भाकरी टाकायची लाज वाटायची.

आता साम पादुकांपुढच्या ओट्यावर पेढ्यांच्या ढिगाशेजारी पडून होता आणि मान फिरवत होता. तोंडातून लाळ गळत होती, तिला वास येत होता.

तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. चौघांनी धरलं, तरी साम तोंड उघडू देईना. ओठ जरासा वर झाला तेवढ्यात दिसलं ते दिसलं. दात मुळापासून कुजले होते, हिरड्यांत पू झाला होता, आणि ते विष आता अंगभर गेलं होतं. भूल दिल्याशिवाय दात काढता येणार नव्हते आणि भूल सोसण्याइतका जीव उरला नव्हता. डॉक्टरांनी दुखणं कमी होण्याची सुई टोचली आणि गाडीत बसताना एवढंच म्हणाले, “लहानपणापासून तोंडाला हात लावू द्यायची सवय हवी होती.”

म्हणून त्र्यंबकानं नदीपलीकडून भिवाबाबांना बोलावणं धाडलं. बाबा त्याचे गुरू. म्हातारे झाले होते, टेकडी चढताना तीनदा बसले. त्यांच्या झोपडीत कुत्री-मांजरं माणसांसारखी ये-जा करायची. बाबा हात फिरवतील आणि साम तोंड उघडेल, अशी त्र्यंबकाची खात्री होती.

“माझ्या सेवेत काय कमी पडलं, ते सांगा,” त्र्यंबक म्हणाला. विचारणं नम्र होतं, पण मान ताठ होती. “त्याला नैवेद्य दाखवल्याशिवाय मी कधी जेवलो नाही.”

“खरं आहे.”

“त्याच्या पाया पडल्याशिवाय गाभाऱ्यात गेलो नाही.”

“तेही खरं.”

“मग?”

“तोंडात बोट घातलंस कधी?”

“बाबा, मी सोवळ्यात असतो. कुत्र्याची लाळ लागली की पुन्हा अंघोळ आली.”

“विहीर आटली होती का?”

...

तेवढ्यात पायऱ्या चढून हौसाक्का आली. वाडीवरची म्हातारी, मेंढरं राखणारी. डोक्यावर टोपली, टोपलीत पिल्लू. पिल्लाला कुंकू लावलेलं, गळ्यात झेंडूची माळ.

“माझी कुत्री व्यालीय,” ती टोपली उतरवत म्हणाली. “साम काय आता राहत न्हाई म्हणत्यात गावात. देवापुढची जागा मोकळी नको, म्हणून आणलंय.”

“अजून श्वास चाललाय त्याचा, हौसाक्का,” त्र्यंबक म्हणाला.

ती ओशाळली. टोपली बाजूला सरकवून गुडघ्यांना मिठी घालून बसली.

बाबांनी पिल्लू उचललं. गळ्यातली माळ काढून बाजूला ठेवली. खांद्यावरच्या छाटीचं टोक तांब्यात बुडवून पिळलं, बोटाला गुंडाळलं, आणि पिल्लाचा ओठ हळूच उचलून बोट आत सरकवलं. एकाच बाजूला, थोडंसंच. मग थांबले. पिल्लाच्या कानामागं खाजवलं. मग पुन्हा थोडंसं.

“हे काय करताय, बाबा?”

“दात पुसतोय.”

“अगं बया. नातवाचे दात घासता घासता माझा जीव जातोय, आता कुत्र्याचं बी?”

“नातू चावतो का?”

“चावतोय की.”

“मग तुला सवय आहे.”

हौसाक्का पदराआड हसली. त्र्यंबक हसला नाही. साम त्याच्यासमोर पडून होता, आणि बाबांना भलत्याच पिल्लाशी खेळायला वेळ होता.

“ते दुधाचे दात आहेत, बाबा,” तो म्हणाला. “दोन-चार महिन्यांत पडून जातील. पडणाऱ्या दातांची निगा कशाला?”

बाबांचं बोट पिल्लाच्या गालातच होतं. पिल्लू ते चोखायला लागलं होतं.

“दात पडतील,” बाबा म्हणाले. “बोट राहील.”

...

हौसाक्का जरा पुढे सरकली. “आन् मांजराच्या पिल्लाला? माझ्याकडं दोन हायेत.”

“मांजर मानी असतं. त्याला आणखी लवकर. खेळायला लागलं की लगेच. मोठं झाल्यावर ते तुझं ऐकायचं नाही.”

“रोज?”

“रोज. चिडलं की सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.”

तिनं पिल्लू मांडीवर घेतलं आणि पदराचं टोक ओलं करून बोटाला गुंडाळलं. पिल्लानं चावा घेतला. दुधाचे दात सुईसारखे असतात. हौसाक्काचे डोळे बारीक झाले, पण तिनं बोट झटकलं नाही. “चाव बाबा, चाव,” ती पुटपुटली.

मग साम कण्हला.

बाबा भिंतीला धरून उठले आणि त्याच्याजवळ जाऊन बसले. हात जमिनीवरून सरकवत सरकवत सामच्या नाकापाशी नेला. सामनं वास घेतला, शेपटी थोडी हलवली. बाबांचं बोट ओठाकडे वळलं आणि सामच्या घशातून गुरगुर निघाली. ओठ मागे गेले. काळे-पिवळे दात दिसले.

बाबांनी हात मागे घेतला.

त्र्यंबक बघतच राहिला. “तुम्हालाही नाही?”

“नाही.”

“पण तुम्ही गुरू आहात.”

“त्याच्या दाढेला काय माहीत.”

“मग आता...?”

“आता काही नाही, त्र्यंबका. तू सांगितलंस म्हणून आलो. बघितलं. मलाही उशीर झाला.”

गाभाऱ्यातून घंटा वाजली. दुपारच्या आरतीला माणसं जमली होती. कोणीतरी हाक दिली, “पुजारीबुवा, वेळ झाली.”

त्र्यंबक उठला नाही. रेशमी सोवळ्यातच पुढे सरकला आणि सामच्या तोंडाजवळ बसला. उजवा हात उचलला. इतक्या वर्षांत या हातानं सामला गंध लावलं होतं, फूल वाहिलं होतं, ताट सरकवलं होतं. त्यानं बोट पुढे केलं. ओठाला लागलं न लागलं, तोच साम वळला आणि कचकन चावला.

रक्त आलं.

त्र्यंबकानं हात छातीशी घेतला. साम त्याच्याकडे बघत होता. मग त्यानं मान खाली घातली आणि शेपटी जमिनीवर आपटली, एकदा, पुन्हा एकदा. जीभ बाहेर काढून तो त्या बोटापर्यंत यायला बघत होता. मान उचलत नव्हती.

“सरक जवळ,” बाबा म्हणाले.

त्र्यंबक सरकला. सामचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. लाळ, पू, रक्त, सगळं सोवळ्यावर उतरलं. कानामागची लव मऊ होती. मऊ असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. तो तिथं खाजवत राहिला आणि सामनं डोळे मिटले. आत आरती कोणीतरी सुरू केली, अर्ध्यात अडखळली, कशीबशी संपली.

उन्हं भिंतीवर चढली तेव्हा साम गेला. तोंड शेवटपर्यंत मिटलेलंच होतं.

औदुंबराच्या पलीकडे खड्डा घेतला. त्र्यंबकानंच खणला, चिंधी बांधलेल्या बोटानं. हौसाक्कानं माती लोटायला हात लावला. आरतीची माणसं लांब उभी राहून हात जोडत होती. एका बाईनं पुढे येऊन ओल्या मातीवर पेढा ठेवला. बाबांनी तो उचलला आणि मुंग्यांच्या वाटेवर नेऊन ठेवला.

माणसं पांगली. ओटा धुतला गेला. पादुकांपुढची ती जागा रिकामी दिसायला लागली आणि त्र्यंबकाला तिकडे बघवेना. तो मातीजवळ येऊन बसला.

“बाबा...”

“हं.”

“मी त्याला देव मानलं.”

“मानलंस.”

“खोटं नव्हतं ते.”

“नव्हतं.”

वाऱ्यानं औदुंबराची पानं थोडी हलली. हौसाक्का जवळच उभी होती, पिल्लू तिच्या पदरात झोपलं होतं.

त्र्यंबकानं आधी पिल्लाकडे बघितलं, मग हौसाक्काकडे. हात थोडेसे पुढे झाले. पिल्लू घ्यावं की न घ्यावं, असे ते अधांतरी राहिले.

“बाबा, तो मला चावला. आज पहिल्यांदाच. माझ्यावर राग ठेवून गेला असेल का तो?”

बाबांनी मातीवरचं एक ढेकूळ हातानं फोडलं.

“नाही रे, त्र्यंबका. कुत्र्याला राग धरता येत नाही. धरला असता, तर हिशेब फिटला म्हणून तू सुटला असतास. तेवढीसुद्धा सोय त्यानं तुझ्यासाठी ठेवली नाही.”

...

हौसाक्कानं त्या पुढे आलेल्या हातांकडे पाहिलं, मुंग्या लागलेल्या पेढ्याकडे पाहिलं. मग पदर घट्ट आवळला, पिल्लू छातीशी धरलं, आणि पायऱ्या उतरून गेली.