येसूचं अंथरूण

धारखोलच्या काळकाईच्या राईत झाडू नेत नाहीत. शिवेच्या दगडापाशी चपला काढायच्या आणि गुडघाभर पाल्यातून देवीपर्यंत चालत जायचं. शहरातली माणसं येतात, नाक मुरडतात. देवीच्या दारात एवढा कचरा, गावात बायका नाहीत का, असं तोंडावर विचारतात. बायका आहेत, आणि झाडायची अक्कलही आहे. झऱ्याच्या तोंडाशी पाल्याचा लांबट ढीग दिसतो, माणूस कुशीवर निजावा तसा. त्याला येसूचं अंथरूण म्हणतात. आधी ते ऐकावं, मग नाक मुरडावं.

येसू कधी होऊन गेली, कुणाला सांगता येत नाही. गावात तेव्हा बारा चुली होत्या म्हणे. तिची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथी झाली तिचं नाव तिनं कोंडी ठेवलं. पाखडलेला कोंडा कोण उचलून नेतो, तसा काळही हिला टाकून पुढं जाईल, एवढीच आशा. पण पाचव्या वर्षी कोंडीला ताप भरला. सातव्या दिवशी पोरीनं डोळे फिरवले. येसू अनवाणी राईत धावली. देवीला द्यायला कोंबडं नव्हतं, नारळ नव्हता. हात तेवढे होते. पायरीवर डोकं टेकून ती बोलली, "पोर ठेव. माझ्यात जीव आहे तोवर तुझी राई अंगणासारखी झाडून काढीन."

घरी आली तर पोर पेज मागत होती.

दुसऱ्या दिवसापासून येसू खराटा घेऊन राईत. तोवर त्या राईला कुणी हात लावलेला नव्हता. झाड पडलं की पडल्या जागी कुजायचं. त्याच्या अंगावर अळंबी उगवायची, पोकळ खोडात पिंगळे राहायचे, कुजलेल्या खोडावरच बेहड्याचं, किंजळीचं रोप धरायचं. खालचा पाला गादीसारखा दबायचा. येसूनं महिन्याभरात लाल माती वर काढली. गाव खूश झालं. झाडलेला पाला भाताची रोपं करायच्या जागी भाजायला मिळाला, पडकी खोडं होळीला मिळाली. मग काय, बाकीच्या बायकाही आपापले खराटे घेऊन आल्या. राघो गुरव, देवीचा पुजारी, म्हणाला की देवी आता कुठं माणसांत आली. शहाणाच तो.

सहा वर्षं गेली. एका साली बेहडे असे लगडले की फांद्या वाकल्या. बी खाली पडलं ते उघड्या मातीवर, आणि उन्हानं तडकून गेलं. एक रोप उगवलं नाही. पिंगळे गेले. झरा मनगटाएवढा होता, तो करंगळीएवढा झाला, मग सुतासारखा. बायका घागर लावून बसायच्या आणि एकमेकींवर खेकसायच्या.

मग तो आवाज सुरू झाला.

येसूच्या पायात काटा मोडला होता म्हणून ती घरी होती. भर दुपारी राईतून खराट्याचा आवाज आला. खर्र, खर्र. तिचा खराटा तर तिच्याच दारामागं उभा. ती लंगडत गेली. राईत कुणी नव्हतं, वारा नव्हता. मातीवर झाडल्याच्या ताज्या रेघा होत्या. दुसऱ्या दुपारी त्या रेघा झऱ्यापर्यंत आल्या, तिसऱ्या दुपारी शिवेचा दगड ओलांडून पुढं. रोज थोड्या गावाकडं. असं सांगतात की देवीनंच खराटा हातात घेतला होता. तिचं घर उघडं पाडलं, आता ती गाव झाडून काढणार होती. नवव्या दुपारी रेघा येसूच्या अंगणात होत्या, कोंडी निजायची त्या चटईच्या काठापर्यंत.

पोर अकरा वर्षांची होती. ती म्हणाली, "आये, राईत आता पाऊल वाजत नाही."

येसूला कळायचं ते कळलं. झाडणं सोडावं तर नवस मोडतो आणि नवसाची पोर जाते. झाडत राहावं तर राई जाते, पाणी जातं, पोर त्यानंही जाते. तिनं राघो गुरवाला कौल लावायला सांगितलं. देवीच्या अंगाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी गळली तर होय, डावी गळली तर नाही. नवस सोडू का, एवढंच विचारलं. तीन दिवस पाकळ्या वाळल्या, पण गळल्या नाहीत. राघो घाबरून म्हणाला, "देवी तोंड उघडत नाही, येसू. तुझं बोलणं तूच आठव."

तिनं आठवलं. माझ्यात जीव आहे तोवर, असं ती बोलली होती.

त्या दुपारी येसूनं कोंडीचे केस विंचरले, वेणी घातली आणि तिला जावेकडं बसवलं. सबंध राई एकटीनं झाडली. शेवटी झऱ्यापाशी आली, खराटा सोडून त्याची एकेक काडी मातीत खोचली आणि कुशीवर निजली. पानगळीचे दिवस नव्हते. तरीही म्हणे सगळ्या राईनं एका दमात पान टाकलं. पानं पडल्याचा आवाज गावात भिंत कोसळल्यासारखा ऐकू आला.

माणसं धावली. झऱ्यापाशी लांबट ढीग होता. राघो गुरव गुडघ्यावर बसून पाला उपसायला लागला, तेव्हा गर्दीतून कोंडी पुढं झाली. तिनं त्याचा हात धरला.

"काका, झाडू नका. आई निजलीय."

त्याच वेळी देवळात उजवी पाकळी गळली, असं सांगतात. कोंडी म्हातारी होऊन, नातवंडं बघून गेली. झरा पुन्हा भरला तो ढिगाच्या बुडातून.

आजही धारखोलची लेक सासरहून आली की आधी घरी जात नाही. ओंजळभर वाळका पाला घेऊन राईत येते आणि येसूच्या अंगावर घालते. आजही एखाद्या बिनवाऱ्याच्या दुपारी खर्र खर्र ऐकू येतं. तेव्हा मागं वळून बघायचं नाही, पाला टाकायचा, आवाज थांबतो. निघताना कपड्याला लागलेलं पान तिथंच झटकायचं, खिशात घालून न्यायचं नाही. इतक्या पिढ्यांच्या ओंजळी पडल्या, पण ढीग वाढला नाही. एका बाईएवढा लांब, कुशीवर निजलेल्या बाईएवढाच उंच. आणि थंडीच्या दिवसांत पाल्याखाली हात घातला तर ऊब लागते. म्हणून कुणी घालत नाही.