आण्णांचं नाव आणि चांदीची कडी

"ठिणगी नेमकी पडाय पायजे, आणि माझं नाव थांबाय नगं!" हुपरीतल्या चांदीच्या कारखान्याचे मालक पायगोंडा आण्णांनी हट्टच धरला.

पैंजणांच्या साखळीतल्या बारीक कड्या जोडायला आण्णांनी नवं यंत्र आणलं होतं. कडीवर विजेची ठिणगी पडायची आणि सांधा बसायचा. ही ठिणगी पापणी लवायच्या आत संपायला हवी. जरा रेंगाळली की कडी वितळून गोळा, लवकर विझली की कडी उघडीच. पण आण्णांना यंत्राचं कौतुक कमी आणि स्वतःच्या नावाचं जास्त. त्यांनी यंत्रावर दिव्यांची पाटी बसवून घेतली आणि तिच्यावर त्यांचं नाव अखंड सरकू लागलं. यंत्रात चिप एकच. पाटी तिनेच चालवायची, ठिणगीही तिनेच. नावाची अक्षरं पुढे ढकलण्यात ती गुंतली की ठिणगी तोडायला उशीर व्हायचा आणि कडी वितळायची.

यंत्राची देखभाल वैजयंताकडे होती. तिची आई हौसाबाई याच कारखान्यात फुंकणीने ज्योत फुंकून कड्या जोडायची आणि दिवसभर खोकायची. कड्या अशाच वितळत राहिल्या आणि यंत्र परत गेलं, तर आईच्या तोंडची फुंकणी काही सुटणार नव्हती. वैजयंताने पाटी काढायचं सुचवून पाहिलं. आण्णा म्हणाले, पाटी राहील, यंत्र जाईल. दुपारपर्यंत जमलं नाही तर न्यायला टेम्पो सांगून ठेवलाय.

दुपारी आण्णा मुद्दाम लांबलचक मजकूर घेऊन आले. नावाआधी 'समाजभूषण', नंतर वडील, मग आजोबा.

"मावंल का एवढं?" त्यांनी मिशीतल्या मिशीत हसत विचारलं.

"पणजोबा ऱ्हायले की, आण्णा," वैजयंता म्हणाली.

आण्णांनी पणजोबाही घातले. पाटीवरून चार पिढ्या चालू लागल्या. वैजयंताने बटण दाबलं, साखळी पुढे सरकू लागली. एकही कडी वितळली नाही. आण्णांनी साखळी ताणून पाहिली, भिंग लावून पाहिली, आणखी एक जोडायला लावली. सगळे सांधे एकसारखे. हौसाबाई तोंडाला पदर लावून बघत होती, तिला खोकायचंही सुचेना.

"काय केलीस गं पोरी?" आण्णांनी विचारलं.

वैजयंताने सांगितलं, की चिपच्या पोटातच एक स्वतंत्र टायमर असतो. ठिणगी किती वेळ ठेवायची ते त्याला आधीच सांगून ठेवलंय. चिपने फक्त सुरुवात करून द्यायची. वेळ भरली की टायमर आपण होऊन ठिणगी तोडतो, चिपला विचारत बसत नाही.

आण्णा सहजी हार मानणारे नव्हेत. "सगळं टायमरच करतोय, मग ती चिप काय करती?"

"तिला कुठली सवड, आण्णा? ती दिवसभर तुमचं नाव घेत बसलीया!"

आण्णा इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. टेम्पो रिकामाच परत गेला. हौसाबाईला त्यांनी तिथल्या तिथे यंत्रावर बसवलं, आणि नव्या साखळीचे पहिले पैंजण वैजयंताच्या हातात ठेवले.