कुसरगडाचं फुटकं टाकं

कुसरगडाच्या माथ्यावर, भैरोबाच्या देवळामागं कातळात खोदलेलं टाकं आहे. भर श्रावणातही त्यात पाणी ठरत नाही. तळाला हात जाईल एवढी भेग आहे. पडेल ते सगळं डोंगराच्या पोटात जातं. तरी चैत्रातल्या जत्रेला कुसरवाडीची माणसं खालच्या विहिरीवरून घागरी भरून वर आणतात आणि ह्या फुटक्या टाक्यात ओततात. बघणारे हसतात. हसावं खुशाल. पण प्यायलेल्या पाण्याची बाटली टाक्यात फेकायच्या आधी एवढं ऐकून घ्यावं.

फार मागं गडावर हैबतराव नावाचा किल्लेदार होता, असं सांगतात. शूर होता, त्यात वाद नाही. त्याच्या वेळी गडाला एका सरदाराचा वेढा पडला. सरदारानं बोलणी करायला लिंबाजी नावाचा म्हातारा वर पाठवला. ह्या माणसाच्या केसाला धक्का लागणार नाही, असं म्हणून हैबतरावानं भैरोबापुढं, सगळ्यांदेखत, शपथेचा बेलभंडारा उचलला. पुढं बोलणं मनासारखं होईना, तेव्हा परत निघालेल्या म्हाताऱ्याला त्यानं दरवाज्यातच धरायला लावलं.

धरणारा होता दारकोजी, दरवाज्याचा नाईक. येताना त्यानंच म्हाताऱ्याला हात देऊन पायऱ्या चढवल्या होत्या.

"नाईक, हात तोच आहे तुमचा," एवढंच लिंबाजी म्हणाला म्हणे.

ते बोलणं दारकोजीला घासात खडा यावा तसं लागत राहिलं. म्हाताऱ्याला टाक्याशेजारच्या कोठडीत कोंडलं, आणि त्या दिवसापासून गडाची तोंडं उघडली. कुठल्या बुरुजावर पहारा विरळ, दारूगोळा कुठं ठेवलाय, सगळं संध्याकाळपर्यंत खालच्या छावणीत. गवत कापायला बाया रोज उतरत. सरदार त्यांना मुद्दाम अडवत नसे, कारण बातमी त्यांच्याबरोबर येई. कुणी लाच खाल्ली नव्हती. कुणाला गड बुडवायचा नव्हता. धन्यानं देवापुढचा शब्द सुपारीसारखा थुंकला, मग आपणच तेवढा गालात धरून का बसायचं, असं ज्याला त्याला वाटू लागलं होतं.

बातम्या फुटताहेत एवढं हैबतरावाला दिसत होतं, का ते कळेना. त्यानं उपाय काढला तो असा: रोज सकाळी लहानथोर सगळ्यांनी बेलभंडारा उचलायचा, की गडाची गोष्ट खाली सांगणार नाही. माणसं चूळ भरावी तशी शपथ घेऊ लागली. "भंडारा उचलून झाला, आता भारा उचलते," म्हणत बाया उतरत. बेलाचं झाड ओरबाडून बोडकं झालं आणि बातम्या दुपटीनं वाहू लागल्या.

मग गडावरचीच तोफ डागताना हादरा बसला आणि टाकं तळाशी फुटलं. दुपारपर्यंत खडखडाट. घरोघरच्या रांजणांत होतं तेवढंच पाणी उरलं.

हैबतरावानं दारकोजीला टाक्यावर बोलावलं. "हे खाली कळलं तर गड गेला. कोठडीतल्या म्हाताऱ्यानं झरोक्यातून सगळं बघितलंय. कड्यावरून लोट त्याला."

दारकोजी जागचा हलला नाही. त्याची बायकापोरंही गडावरच होती. "त्याला लोटून काय होणार, धनी? खाली सांगणारा म्हातारा नाही. आम्ही आहोत."

"आम्ही म्हणजे कोण? नाव घे!"

"माझंच घ्या. घळीतली वाट आपण दगडांनी बुजवलीय, हे मी सांगितलं. तुम्ही शब्द मोडलात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

हैबतरावाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. दारकोजीनं नजर हलवली नाही.

"आमच्याकडून रोज भंडारा उचलून घेता," तो म्हणाला. "तुमचा एकच राहिलाय, धनी. तेवढा पुरा करा. मग माझी मान घ्या."

हैबतराव भेगेकडं बघत टाक्याच्या काठावर बसला. मग उठून त्यानं स्वतःच्या हातानं कोठडी उघडली. घरच्या रांजणातला आपल्या वाट्याचा तांब्या मागवला आणि सगळ्यांसमोर म्हाताऱ्याला पाजला.

"बाबा, मी शब्द मोडला होता. आता पाळतो. तुम्ही बघितलंत ते बघितलंत. जा."

"त्यापेक्षा दरवाजाच उघडून द्या की त्यांना!" गर्दीतली एक बाई ओरडली. हैबतरावानं म्हाताऱ्याकडून शपथ घेतली नाही, गडकऱ्यांकडूनही नाही. दारकोजीनं हात धरून लिंबाजीला पायऱ्या उतरवल्या.

छावणीत सरदारानं म्हाताऱ्याला जिवंत कसा आलास, हेही विचारलं नाही. "वर पाणी किती आहे?" हा पहिला सवाल.

लिंबाजीनं मिशा पुसल्या. "मला तहान लागली नाही."

"विचारतोय काय, सांगतोस काय, थेरड्या?"

"लागली नाही तहान," म्हातारा परत म्हणाला, आणि तिथून उठून गेला.

सरदार गवतवाल्या बायांची वाट बघत बसला. बाया उतरल्या, गवत कापलं, भारे बांधले. शेजारून ओढा वाहत होता. पण पाण्याकडं धावलो तर वरची गोष्ट कळेल, म्हणून एकीनंही ओंजळ भरली नाही. ओठ तडकले होते, ते पदरानं झाकले आणि चढून गेल्या. रोज असंच. वर हैबतराव सगळ्यांच्या मागून पाणी पीत होता, आणि पुरलं नाही त्या दिवशी पीत नव्हता. पावसाळा तोंडावर आला, गड काही तहानेला दिसेना, तेव्हा सरदारानं कंटाळून वेढा उठवला. दारकोजीनं मान पुढं केली, तर हैबतरावानं त्याच्या हातात दरवाज्याच्या किल्ल्या दिल्या, असं सांगतात. टाक्याची भेग मात्र बुजवू दिली नाही. लिंबाजी पुढं कुसरवाडीतच राहिला म्हणे. खरंखोटं भैरोबाला ठाऊक.

आजही कुसरवाडीत कुणी कुणाकडून शपथ घेत नाही. जत्रेला सरपंच स्वतःच्या खांद्यावर घागर घेऊन गड चढतो, पहिला तांब्या परक्या माणसाला देतो, मग गावाला. स्वतः शेवटी, उरलं तर. मागं एका सरपंचानं वाटेतच बाटली तोंडाला लावली. कुणी चकार शब्द काढला नाही. पण त्या वर्षी पंचायतीत झालेलं बोलणं पंचांच्या आधी तालुक्याला कळायचं.

आणि आजही बाया घागरी घेऊन वर पोचतात, तेव्हा त्या फुटक्या टाक्यात पाणी ओतायच्या आधी पदरानं ओठ झाकतात.