न घोटलेला समुद्र

एका राज्यात राजाने एका मांत्रिकाला पंगतीत शेवटच्या पाटावर बसवले, आणि त्याचे भोग समुद्राच्या वाट्याला आले. मांत्रिकाने मूठभर मीठ पाण्यावर फेकले. लाटा होत्या तिथेच थिजल्या, आणि खडकांना चिकटलेले कालवांचे शिंपले काढणारी गोमती, दरबारी चितारी केरोबाची बायको, वाकली होती तशीच दगड झाली. उःशाप एवढाच: समुद्राने स्वतःला ओळखावे असे चित्र निघायला हवे. चित्रे तीनच. दर चुकीला दगडातली बाई थोडी थोडी पुसली जाणार.

राजा पुष्कळ हळहळला आणि त्याने ते काम केरोबालाच लावले.

पहिले चित्र केरोबाने महालात, समयांच्या उजेडात काढले. मग रिवाजाप्रमाणे अकीकाच्या गुळगुळीत गोट्याने घासून ते घोटले. कुंचल्याचा एक फटकारा जरी दिसला, तरी त्या दरबारात चिताऱ्याची अब्रू जात असे. चित्र इतके चकचकीत झाले की प्रधानजींना त्यात आपल्या मिशा दिसल्या. ते प्रसन्न झाले. समुद्र हलला नाही. दगडातून गोमतीच्या बांगड्या नाहीशा झाल्या.

दुसरे त्याने किनाऱ्यावर, भर उन्हात काढले. खडकांची करडी, शेवाळी, लालसर अंगे हुबेहूब उतरली. तेही त्याने मन लावून घोटले. गोमतीचा चेहरा गेला.

खडकावरचा बगळा म्हणाला, "छान आहे. कुठलं तळं?"

केरोबा तिसऱ्या चित्राला बसला. ती सुटेल ही आशा आता उरली नव्हती. उन्हे कलण्याआधी तिच्या पाठीचा बाक तेवढा कागदावर राहावा, इतकेच. दाट रंग, घाईचे फटकारे, एकावर एक. सूर्य टेकला. त्याने अकीक उचलला आणि खाली ठेवला. आता कोणासाठी घोटायचे?

तिरपे ऊन चित्रावर आले. रंगाच्या प्रत्येक उंचवट्याने आपापली सावली पाडली आणि चित्रातली लाट कलली. तिच्यामागोमाग खरी कलली. एक खडक भिजला, कण्हला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"पाठ मोडली माझी," गोमती म्हणाली. "अहो, किती वेळ लावलात?"



होड्या निघाल्या. मांत्रिकाला राजाशेजारचा पाट मिळाला. चित्र दरबारात लागले. राजाने ते दुरून पाहिले, मग अगदी नाक लावून.

"केरोबा, घोटायचं राहिलंय."

"राहू द्यावं, महाराज," केरोबा म्हणाला. "बायको अजून रोज समुद्रावर कालवांना जाते."