जहाजातून आलेलं काही नको

चार पुढाऱ्यांनी अमेरिका घडवली असं मघाशी म्हणणारा आता हितं न्हाई. गेला असंल घरी. जाऊ दे. त्याला कुणीतरी सांगा, कागदावर सही करायला चार माणसं पुरतात, देश घडवायला न्हाई पुरत. आन् ही गोष्टबी त्याच्या कानावर घाला.

एकदा एक तरणा पुढारी होता, तिकडं अमेरिकेच्या किनाऱ्यावर, एका बंदरगावात. समुद्रापलीकडच्या राजाशी त्या किनाऱ्यावरच्या गावांचं नुकतंच बिनसलेलं. त्या दिवशी सहा गावांचे पुढारी ह्याच्याकडं जेवायला यायचे होते. ते राजी झाले तर सगळी गावं एक होणार. रुसून गेले तर राजा एकेकाला गाठून चिरडणार.

घरात एक म्हातारा आचारी. आफ्रिकेतून साखळदंडात आणलेला, ह्याच्या बापानं धक्क्यावर विकत घेतलेला. भात कसा लावायचा, वारा कवा फिरंल, खोटं बोलणारा कसा ओळखायचा, सगळं पुढाऱ्याला त्यानंच शिकवलं. पुढारी त्याला बाबा म्हणायचा, पण गुलामीतून सोडायचा मातर न्हाई.

"बाबा, आज ताटात आपल्या मातीतलंच पायजे," पुढारी म्हणाला. "जहाजातून आलेलं काही नको. राजावाचून आपलं अडत न्हाई, हे दिसू दे त्यांना."

"काहीच?"

"काडीसुद्धा."

"बरं, मालक."

पाहुणे बसले. म्हाताऱ्यानं प्रत्येकापुढं उकडलेला मका आन् मूठभर घेवडा ठेवला, आन् हाताची घडी घालून उभा राहिला.

एका जाड्या पाहुण्यानं इकडं तिकडं बघितलं. "पाव?"

"गहू जहाजातून आला, साहेब."

"डुकराचं मटण तरी?"

"डुकरंबी जहाजातूनच आली. पोहत न्हाई आली."

"मग भात आण की."

"भात पिकवायची अक्कल आमच्यासंगं आली."

एक तिरसट पाहुणा उठला. "माझा घोडा काढा."

"घोडीबी जहाजातलीच. मघाशी सगळी माळावर सोडून दिली."

जाड्याला हसू आवरंना. पुढारी मातर लालबुंद. "बाबा, माझी अब्रू घालवतोस व्हय?"

म्हातारा दाराकडं चालू लागला.

"कुठं निघालास?"

"मीबी जहाजातूनच आलो. तळाला, अंधारात. तुमचा आजा आला तो वरच्या फळीवर, वारा खात. तवा तुम्हीबी उठा, पाहुण्यांनाबी उठवा. ज्यांच्या मातीतला हा मका, त्या हितल्या मूळच्या लोकांना तर बोलावलंच न्हाई. मग जेवणार कोण?"

म्हातारा वळला.

"राजाशी भांडा, खुशाल भांडा. त्याला छाती लागती, ती तुमच्यात हाय. पर हे गाव जहाजातून उतरलेल्या हर एक हातानं उभं केलं. तुम्ही हसत उतरला, आम्ही रडत. आत भेंडीचं कालवण उकळतंय, भात झालाय, पावबी भाजलाय. आमची सुटका कागदावर लिवा. ह्या घरातल्या आम्हा बारा गुलामांची. मग वाढतो, आन् तुमच्या शेजारी बसून जेवतोबी."

पुढाऱ्याला वाटलं, जमीन दुभंगावी. खोटं बोलणारा ओळखायला त्याला ह्याच माणसानं शिकवलं होतं, आन् आज तो स्वतःच सापडला. त्यानं दौत ओढली. बारा नावं लिहिली. साक्षीला जाड्यानं सही ठोकली, "आता तरी आण बाबा, जीव चाललाय."

मग काय सांगू. कालवणाचं पातेलं पुसून खाल्लं त्यांनी. तिरसट पाहुणा माळावर धावून धावून घोडा धरून आला, आन् मक्यावाल्यांना बोलवायला तोच गेला. आचाऱ्याच्या पोरीनं सुक्या भोपळ्याचं तंतुवाद्य छेडलं, तसं जाड्यानं भर सभेत ठेका धरला. उठायच्या आधी सहाही गावांनी हातात हात दिला.

आता तू, मळेवाल्या. तुझ्या मळ्यात परमुलखातली माणसं राबत्यात, आन् भाकरी बांधावर बसून खात्यात. ऊठ, आत्ता जा, त्यांना घरात बोलव आन् तुझ्या शेजारी जेवायला बसव.