सखाहरीनं पोरांना संगणक दिला

एका गावात, म्हणजे आपल्या बोरखडीत, एक भोळा शिपाई होता. नाव सखाहरी. शाळेला शिपाई एकच, आणि तोही असा. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. खरी अडचण तीच होती.

एके दिवशी तालुक्याहून शाळेला संगणक आला. पोरांनी तोवर तो फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. खोकं घेऊन आलेले साहेब म्हणाले, "महिन्याभरानं बघायला येईन. प्रत्येक पोराच्या हाती हा पोहोचला पाहिजे. नाहीतर उचलून दुसऱ्या शाळेला देईन."

पोरं हरखून गेली. चौथीतल्या शेवंताला तर आपलं नाव पडद्यावर कधी एकदा बघते असं झालं.

कोळेकर गुरुजी म्हणाले, "सखाहरी, कुलपात ठेव रे. शाळेची वस्तू आहे."

सखाहरीनं कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. पोरं रोज कपाटाचं दार बघून घरी जाऊ लागली. शेवटी गुरुजी वैतागले.

"अरे, पोरांसाठी आलेली वस्तू कुलपात ठेवतात होय? उघडी मांडायची, त्यांच्यापुढं!"

"बरं गुरुजी."

दुसऱ्या दिवशी खिचडी शिजली. तीही पोरांसाठीच. सखाहरीनं पातेलं अंगणात उघडं मांडलं आणि पोरांना बोलवायला गेला. परत येतो तर शेळ्यांनी पातेलं लख्ख केलेलं. पोरं उपाशी राहिली.

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, काठी घेऊन राखण करायची! जवळ येईल त्याला हाकलायचं!"

"बरं गुरुजी."

दुपारी एकदाचा संगणक बाहेर निघाला. पोरं धावत आली. सखाहरी शेजारीच काठी घेऊन बसला होता. "हाड! हाड!" पोरं पांगली. शेवंता रडतच गुरुजींकडे गेली.

"पोरांना हाकलतोस? अरे, पाळीपाळीनं द्यायचं! एकाचं झालं की दुसऱ्याच्या हाती!"

"बरं गुरुजी."

मग सरपंचबाईंनी संगणकाच्या पूजेला नारळ पाठवला. पूजा झाली. गुरुजी म्हणाले, "आता पोरांना प्रसाद दे."

सखाहरीनं पोरांना रांगेत बसवून अख्खा नारळ पहिल्याच्या हाती दिला. त्यानं वास घेतला, पुढच्याला दिला. पुढच्यानं चाटून बघितला. असं करत नारळ सगळी शाळा फिरून गुरुजींकडे आला, जसाच्या तसा.

"झालं गुरुजी, समद्यांचं झालं."

आता मात्र गुरुजींचा तोल गेला. "अरे शहाण्या, वस्तू एक आणि पोरं ढीगभर असली की ती फोडायची! तुकडे करून एकेकाच्या हातावर ठेवायचे! एकही पोर रिकाम्या हातानं जाता कामा नये!"

"हे आदी सांगायचं की, गुरुजी."

या घोळात महिना सरला, संगणक अजून एकाही पोराच्या हाती आला नव्हता, आणि साहेब यायचा दिवस उजाडला. गुरुजी त्यांना आणायला फाट्यावर निघाले. जाताना म्हणाले, "मी येईपर्यंत प्रत्येक पोराच्या हाती संगणक पोहोचव. शाळेची अब्रू तुझ्यावर आहे."

सखाहरीनं संगणकाकडे बघितलं. पोरांकडे बघितलं. वस्तू एक. पोरं ढीगभर.

साहेब वर्गात शिरले तेव्हा पोरं मुठी आवळून बसली होती.

"कुणाकुणाच्या हाती संगणक आला?"

सगळे हात वर गेले. साहेब खूश झाले. "वा गुरुजी! तालुक्यात अशी शाळा नाही!" गुरुजींना तर गहिवरून आलं.

"बघू बरं, काय आलं हातात?" साहेबांनी कौतुकानं विचारलं.

मुठी उघडल्या. कुणाच्या हातावर बटण, कुणाच्या हातावर वायरीचा तुकडा. शेवंताच्या वाट्याला सगळ्यात लांब बटण आलं होतं. त्यावर एकही अक्षर नव्हतं. ती मुसमुसत होती, आणि रडण्यासारखंच होतं ते.

गुरुजी भिंतीला टेकून खाली बसले. तेवढ्यात सखाहरी ताटली घेऊन आला. ताटलीत पडद्याची एक कड होती आणि वर चिमूटभर साखर.

"घ्या साहेब, तुमचा वाटा राखून ठेवलाय. पर पुढच्या बारीला जरा हालवून, पारखून आना. ह्यो आतनं पार कोरडा निघाला. पानी थेंबभर न्हाई."